पायरीवरची बरणी

तेजाबाच्या बरणीचं तोंड बांधायचं काम गेली अकरा वर्षं सुधाकरचं होतं. सोनारांकडून जुनं, मिसळीचं सोनं यायचं. ते भट्टीत वितळवायचं, तेजाबात टाकायचं, मग सोनं तळाशी चिखलासारखं बसायचं आणि चांदी पाण्यात उतरायची. ते वापरलेलं तेजाब फेकायचं नसतं. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या पट्ट्या टाकून त्यातली चांदी काढायची असते. पण रात्रभर आत ठेवलं तर वाफेनं माळ्यावर झोपणाऱ्यांची छाती भरते. म्हणून बरणी दुकानाबाहेर पायरीवर ठेवायची. तोंडावर जाड प्लास्टिक, त्यावर गोणपाट आणि वर सुतळीची गाठ. गावी विट्याकडं कडब्याची पेंढी बांधतात तसली. अकरा वर्षांत एक थेंब सांडला नव्हता आणि सुधाकरला त्याचा गर्व होता. कलकत्त्यात गर्व करण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं फारसं काही नव्हतं, हेही खरं.

दुकान बऊबाजारच्या एका बोळात. मालक गुरुदत्त शेठ, म्हणजे सुधाकरच्या बायकोचा, सुधाचा, सख्खा मामा. त्यांनीच सुधाकरला गावाकडून आणलं, हातात सांडशी दिली, भाचीशी लग्न लावून दिलं आणि दुकानावरचा माळा राहायला दिला. त्या माळ्यावर उभं राहिलं की डोकं तुळईला लागायचं. तिथंच त्यांची मुलगी केतकी झाली, आता चौथीत होती. शेठ स्वतः सॉल्ट लेकला फ्लॅटमध्ये राहायचे.

त्या बोळात केराला मोल होतं. दुकानं उघडायच्या आत झाडणारी माणसं यायची, कुंच्यानं फटीफटीतली धूळ गोळा करायची आणि घरी जाऊन ती धुऊन त्यातला सोन्याचा कण शोधायची. रिवाज ठरलेला होता. उंबऱ्याच्या आतला केर दुकानाचा, बोळातला झाडणाऱ्याचा. पायरी कुणाची यावर मात्र कायम कुरकुर चालायची. शेठ म्हणायचे, पायरी माझी. कामगार दिवसभर आत-बाहेर करतात, पायांना लागून माल तिथंच येतो.

हा बोळ झाडायचं काम बापी आणि त्याची आई करायचे. बापी सोळा वर्षांचा, हाडकुळा, दात पुढं आलेले, कानात सदा वायर. गेल्या पावसाळ्यात त्याच्या आईचं दुखणं निघालं आणि महिनाभर तो एकटाच येत होता, तेव्हा सुधाकरनं त्याला पायरी झाडू दिली. शेठ कुठं सकाळी सहाला सॉल्ट लेकहून बघायला येतात? बरणी मध्ये यायची, तर ती बाजूला कशी घ्यायची तेही सुधाकरनंच शिकवलं. पोरगं शहाणं होतं, एकदा सांगितलेलं विसरायचं नाही. तेव्हापासून पायरीचा केर बापीचा. शेठना यातलं काही माहीत नव्हतं.

चैत्र संपत आला होता, भट्टीपुढं उभं राहवत नव्हतं. पलीकडच्या बोळात एका दुकानावर दरोडा पडला, दुकानदाराच्या तोंडावर तेजाब फेकलं. त्याचा एक डोळा गेला. गुरुदत्त शेठ त्याला इस्पितळात बघून आले आणि त्या सोमवारपासून दुकानातच गादीवर झोपू लागले, उशाला लायसनचं रिव्हॉल्व्हर घेऊन. सुधाकरच्या मनात होतं, पोराला सांगावं, शेठ खाली हायत, काही दिवस पायरीवर येऊ नकोस. सोमवारी भेट झाली नाही. मंगळवारी सुधाकर विसरला. बुधवारी आठवलं तोवर पोरगं झाडून गेलंही होतं.

गुरुवारी पावणेसहाला सुधाकर माळ्यावरच्या खिडकीच्या गजांना टेकून मिश्री लावत होता. चांगलं उजाडलं होतं. खाली बापी आला. कुंचा काखेत मारला, वाकला, दोन्ही हातांनी बरणी उचलली. तेवढ्यात दुकानाच्या शटरमधलं लहान दार धाडकन उघडलं. शेठ बनियनवर, हात लांब केलेला. सुधाकरला तो हात वरून नीट दिसला. "शेठ, आपला बापी हाय," एवढंच ओरडायचं होतं. तोंड मिश्रीनं भरलेलं. पोरानं वर बघितलं, मग खाली वाकून बरणी पायरीवर ठेवली, सावकाश, आवाजसुद्धा झाला नाही. सरळ उभं राहिलं, दोन्ही तळवे पुढं केले. "शेठजी, आमि..." म्हणालं. सुधाकर थुंकला. ती पिंक खाली पडायला आणि गोळी सुटायला एकच गाठ पडली.

सुधाकर खाली आला तेव्हा पोरगं पायरीला पाठ लावून बसलं होतं आणि पोटावर हात धरून दुकानाच्या पाटीकडं बघत होतं. बोळ जमा झाला. कुणीतरी हातगाडी आणली. शेठ दारातच खाली बसले होते, रिव्हॉल्व्हर मांडीवर, ओठ हलत होते. आणि सुधाकरनं काय केलं? लोकांच्या पायांत फुटेल म्हणून बरणी उचलली, आत नेली, नळाशेजारी ठेवली, गाठ सोडली, प्लास्टिक काढलं आणि तांब्याच्या दोन पट्ट्या आत टाकल्या. रोज सकाळी करतो तेच. हात करत होते, तो करत नव्हता. पोलीस आले तेव्हा बरणी उघडी होती आणि आत तांब्यावर पांढरी चांदी धरायला लागली होती.

बापी इस्पितळाच्या दारातच गेला.

पोलिसांनी शेठना नेलं. सुधाकरला विचारलं, तू कुठं होतास? तो म्हणाला, वर झोपलो होतो, आवाजानं उठलो. का म्हणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पोलिसांनी बरणी जप्त केली आणि लिहून घेतलं, तोंड उघडं.

संध्याकाळी शेठचा मुलगा उदय वकिलाला घेऊन दुकानात आला. उदय इथंच वाढलेला, बालीगंजच्या शाळेत शिकलेला, मराठी बोलताना अडखळायचा. वकील बंगाली, गोड बोलणारा, पायरीवरचा डाग ओलांडताना त्यानं धोतर जरा वर धरलं. बरणी सुधाकरनं उघडली आणि पोलिसांना उघडीच सापडली, हे ऐकून त्याचा चेहरा खुलला.

"दाजी, ऐका," उदय म्हणाला. "वकीलबाबू सांगतात, कुणी तेजाब फेकायला आलं तर त्याला मारण्याचा हक्क कायदाच देतो. त्यात जीव गेला तरी गुन्हा नाही. फक्त तेजाब हातात होतं आणि तो फेकणार होता, हे पाहिजे. पुढच्या शुक्रवारी तुमचा जबाब आहे मॅजिस्ट्रेटसमोर. बरणी तुमच्या ताब्यात असते ना, म्हणून."

"मग म्या काय सांगायचं?"

"रात्री तुम्ही तोंड बांधून ठेवली होती. सकाळी पोलीस आले तेव्हा उघडी होती. बस. तुम्ही उघडलीत हे कशाला सांगायचं?"

वकील हिंदीत म्हणाला की यात खोटं काहीच नाही, फक्त एक गोष्ट सांगायची नाही. सुधाकरनं मान हलवली. मान हलवली याचा अर्थ उदयनं हो असा घेतला.

काम थांबलं नाही. सोनार माल आणून टाकत होते, भट्टी पेटवावी लागत होती. सुधाकर सोनं वितळवायची मूस सांडशीनं उचलताना हात थरथरतो का ते बघत होता, थरथरत होता. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मनगटावर तेजाबाचा थेंब उडाला, पिवळा डाग पडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नवी बरणी आता कुणी बाहेर ठेवत नव्हतं, रात्री वाफ वर चढायची आणि केतकी झोपेत खोकायची. जेवायला बसलं की त्याला घास गिळताना घशात मिश्रीची चव यायची. त्यानं मिश्रीची डबी फेकून दिली होती.

रविवारी गलाई मंडळाच्या, म्हणजे सोनं गाळणाऱ्या गावकऱ्यांच्या, खोलीत सगळे जमले. भिंतीवर शिवाजी महाराज, कोपऱ्यात गणपतीची मखर गुंडाळून ठेवलेली, पंखा कुरकुरत होता. पंचवीस-तीस माणसं, सगळी खानापूर-आटपाडीकडची, सगळ्यांच्या बोटांवर पिवळे डाग.

"दारात चोर दिसल्यावर काय आरती करायची?" एकजण म्हणाला.

"चोर कशावरनं? रोज झाडणारं पोर ते."

"झाडणारंच हेरत्यात, बाबा. दरोड्याच्या आधी कोण टेहळणी करतंय?"

"सोळा वर्साचं हुतं रं."

"सोळा वर्साच्याच्या हातातलं तेजाब काय कमी भाजतंय?"

"गोळी पायावर मारायची. पोटात कशापायी?"

"तू उभा ऱ्हा की तिथं बनियनवर! मग सांग पाय दिसतोय का पोट."

आपण तिथं असतो तर काय केलं असतं हे प्रत्येकजण मनात बघून घेत होता. शेवटी आप्पा, मंडळातले सगळ्यांत जुने, सुधाकरकडं वळले. "आपल्या माणसानं भ्यापोटी केलंय. वाईट झालं. पर त्याला फासावर द्यायचं का? सुधाकर, तुझ्या दोन शब्दांवर हाय सगळं." आणि खोलीतल्या सगळ्या माना त्याच्याकडं फिरल्या. पलीकडच्या बोळातला दुकानदारही आला होता. डोळ्यावर पट्टी, गालाचं कातडं आकसलेलं. तो सुधाकरकडं उरलेल्या डोळ्यानं बघत होता. सुधाकरला तिथनं पळून जावंसं वाटलं.

मंगळवारी सकाळी खाली कुंच्याचा आवाज आला.  बापीची आई बोळ झाडत होती. पांढरी साडी, कंबर वाकलेली, पण हात रोजच्यासारखाच, फटीत कुंचा घालून बाहेर ओढणारा. पोटाला सुतक परवडत नाही. पायरीजवळ आली तेव्हा थांबली. डाग राखेनं घासून काढला होता, तरी दगडात उतरलेलं काय जातंय? सुधाकर खाली आला.

"दादा," ती म्हणाली, "उसका हाथ में क्या था? सब बोलता है एसिड था. तुम बोलो."

"माहीत नहीं," सुधाकर म्हणाला. "मैं सोया था."

तिनं मान डोलावली, त्याचे आभार मानावेत तशी, आणि पायरी न झाडता पुढं गेली. सुधाकर आत येऊन पाण्याच्या पिंपाजवळ उकिडवा बसला. एवढं लहान त्याला कधीच वाटलं नव्हतं.

बुधवारी तो भाकरी घेऊन उदयबरोबर पोलीस कोठडीत गेला. शेठ सहा दिवसांत वाळले होते, दाढीचे पांढरे खुंट, पायांत चप्पल नाही. उदय हवालदाराशी बोलत होता तेवढ्यात ते गजांशी आले.

"मला बरणी दिसली रं," ते कुजबुजले. "त्याच्या हातात. मला त्या इस्पितळातल्याचा डोळा दिसला. पोर दिसलंच न्हाई, बरणीच दिसली. खरं सांगतो."

"पर त्यानं खाली ठेवली हुती, शेठ."

हे बोलून गेल्यावर सुधाकरचे कान तापले. शेठनी गज घट्ट धरले.

"म्हंजे तू खिडकीत हुतास," ते म्हणाले. "मला वाटलंच. पायरीवर मिश्रीची पिंक पडली हुती." मग, "सुधाला म्या हातावर वाढवलंय, एवढं ध्यानात ठेव." ते धमकी देत होते का हात जोडत होते, ते सुधाकरला कळलं नाही. कदाचित त्यांनाही कळलं नसेल.

त्या दुपारी सुधा तांदूळ निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, खिडकी, मिश्री, पायरीचा केर, गाठ. तिनं ताट खाली ठेवलं नाही, खडा काढून बाजूला टाकत ऐकत राहिली.

"म्हंजे मामाचा केर तुम्ही पोराला देत हुतासा," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् ते सांगितलं तर चोर तुम्हीबी ठरनार. दुकान गेलं, माळा गेला. गावाकडं तोंड दाखवायला जागा न्हाई. आई म्हनंल, माझ्या भावाला जावयानं फासावर दिलं. केतकीची शाळा?" तिचा आवाज चढला. "मेलेलं पोर परत येनार हाय का? न्हाई न्हवं? मग गप ऱ्हावा. अवो, एवढंच तर करायचंय, गप ऱ्हायचं."

"म्या तवाबी गपच हुतो," सुधाकर म्हणाला.

सुधा तांदूळ निवडायची थांबली. मग उठली, ताट घेऊन चुलीकडं गेली, आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

शुक्रवारी उदय त्याला गाडीतून कोर्टात घेऊन गेला. वाटेत तीनदा पढवलं. सुधाकरनं धुतलेला शर्ट घातला होता, तो पाठीला चिकटला होता. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, चष्मा नाकावर उतरलेला. खोलीत त्या आणि टायपिस्ट, बाकी कुणी नाही, उदयलाही दाराबाहेर थांबवलं. बाईंनी हिंदीतच सुरुवात केली. कुणी दडपण आणलंय का, कुणी काही सांगायला लावलंय का, विचार करायला वेळ हवाय का. सुधाकर सगळ्याला नाही म्हणाला. टायपिस्टच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता, पण मागायचा धीर झाला नाही.

"त्या सकाळी तुम्ही झोपला होता?"

सुधाकरनं खाली बघितलं तर आपला उजवा हात डाव्या मनगटावरचा पिवळा डाग चोळत होता. बाईंनी घाई केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "खिडकीत होतो."

मग एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता आलं नाही. पायरीचा केर मीच त्याला देत होतो, शेठना ठाऊक नव्हतं. बरणी त्याच्या हातात होती, हे खरं आहे, शेठना ती दिसली हेही खरं आहे. पण तोंड बांधलेलं होतं. आणि गोळीच्या आधी त्यानं ती खाली ठेवली होती.

"बरणी उघडी सापडली."

"मी उघडली. नंतर. सवयीनं."

"त्यानं उघडली नव्हती कशावरून?"

सुधाकरनं इकडंतिकडं बघितलं. टायपिस्टच्या टेबलावर जुन्या फायलींचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला होता. "ही घेऊ का?" त्यानं विचारलं. बाईंनी मान हलवली. त्यानं ती सुतळी सोडली, रुमाल काढला, टेबलावरचा ग्लास मागून रिकामा केला आणि तोंडावर रुमाल ठेवून गाठ मारली. पेंढीची गाठ. हात जराही थरथरला नाही. बाईंनी ग्लास टायपिस्टकडं दिला. तो बोटांनी, नखांनी, शेवटी दातांनी खटपट करत राहिला. किती वेळ लागतो ते बाई भिंतीवरच्या घड्याळात बघत होत्या.

"आणि बरणी फुटली नाही, बाईसाहेब," सुधाकर म्हणाला. "हातात असताना गोळी लागली असती तर खाली पडून फुटली असती. पायरीला तेजाबाचा एक डाग नाही."

बाईंनी ते सगळं लिहून घ्यायला सांगितलं. सुधाकरनं सही केली, मराठीत.

बाहेर उदय टेकून उभा होता. त्यानं सुधाकरचा चेहरा बघितला. "दाजी, पप्पांना तुम्ही..." एवढं बोलून थांबला, त्याचे डोळे भरले होते. मग गाडीकडं निघून गेला. सुधाकरला त्याच्यामागं जावंसं वाटलं, पण जाऊन म्हणायचं काय?

कोर्टाच्या फाटकाशी, वडापावच्या आकाराच्या कचोऱ्या तळणाऱ्याच्या गाडीशेजारी सुधा उभी होती. पायांशी लोखंडी पेटी, वर तवा आणि परात बांधलेली. केतकी दप्तर पाठीला लावून पेटीवर बसली होती.

"तू हितं कशाला आलीस?"

"माळा मोकळा केला. उदयनं काढायच्या आत आपनच काढलेला बरा." तिनं पदरानं तोंड पुसलं. रडून घेतलेलं दिसत होतं. "बुधवारीच कळलं हुतं मला, तुम्ही काय सांगनार ते. मामाला तेवढं एकदा भेटून येते मी. समोर येऊ दे न येऊ दे."

फाटकाच्या पलीकडं, सावलीत, बापीची आई बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आत कुणी घेतलं नव्हतं. सुधाकर तिच्याजवळ गेला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"मैं सोया नहीं था," तो म्हणाला. "देखा मैंने. उसके हाथ में कुछ नहीं था. बरणी नीचे रख दी थी. दोनों हाथ खुले थे."

तिनं मान वर केली. मारेल, थुंकेल असं त्याला वाटलं आणि त्यानं तोंड बाजूला घेतलं नाही. पण तिनं विचारलं ते वेगळंच.

"बंदूक देखा, तो भागा काहे नहीं? बरणी फेंक के भागता. वो बहुत तेज भागता था, दादा."

हे मॅजिस्ट्रेटनं विचारलं नव्हतं. वकिलानं नाही, मंडळात कुणी नाही. सुधाकरला गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ आठवली, तो पायरीवर पोराचे दोन्ही हात धरून बरणीच्या गळ्याखाली नीट बसवत होता.

"मैंने सिखाया था उसको," तो म्हणाला. "कुछ भी हो, आदमी आए, कुत्ता आए, पहले बरणी नीचे रखना. धीरे से. फिर हाथ छोड़ना."

बापीच्या आईनं मान खाली घातली. मागं सुधानं केतकीला उठवलं आणि पेटीची एक कडी धरून नवऱ्याची वाट बघत उभी राहिली.